पोलीस आणि राजकारणातल्या भ्रष्टाचारावरचा कोणता कोरियन चित्रपट पाहावा? आणि अशा चित्रपटांत प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील, पोलिसांवर एवढा हुकूम का चालवतो?

एकच सांगायचा तर 'द अनजस्ट'. २०१० चा चित्रपट, दिग्दर्शक ऱ्यू सुंग-वान, पटकथा पार्क हून-जंग यांची. कोरियात तो 'बुदांग गोरे' या नावाने लागला होता. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच चित्रपटात दडलेलं आहे, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो. शेवट फोडणार नाही.

सोल शहरात शाळकरी मुलींचे एकामागून एक खून होतात. लोक खवळतात, बातम्यांत दुसरं काही नसतं, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष पोलीस अधिकाऱ्यांसमोर येऊन जाब विचारतात. त्यातच मुख्य संशयित पोलिसांच्या गोळीने मरतो. खुनी तोच होता हे सिद्ध करायला हातात काही नाही, आणि मेलेला माणूस कबुलीजबाब देत नाही. मग वरिष्ठ ठरवतात की एक आरोपी उभा करायचा. आपल्याकडे बातम्यांत ज्याला 'डमी आरोपी' म्हणतात तसा. ही कामगिरी येते चोई चोल-गी या अधिकाऱ्याकडे.

हा चोई हुशार आहे, भरपूर गुन्हे उकललेले आहेत, तरी बढतीच्या यादीत दर वेळी मागे पडतो, कारण तो पोलीस विद्यापीठातून आलेला नाही. कोरियात १९८१ पासून हे विद्यापीठ चालतं. तिथून बाहेर पडणारा तरुण थेट अधिकारी म्हणून रुजू होतो, आणि एकाच विद्यापीठातले लोक पुढे एकमेकांना धरून वर जातात. आपल्याकडे थेट आलेला आयपीएस आणि खालून वर आलेला रँकर यांच्यातलं अंतर ज्यांनी पाहिलंय, त्यांना चोईची घुसमट समजावून सांगावी लागणार नाही. साहेब त्याला सांगतात, एवढं काम कर, बढती तुझी.

चोई मग जांग सोक-गू या माणसाला हाताशी धरतो. जांग पूर्वीचा गुंड, आता बांधकाम कंपनीचा मालक. पूर्वी गुन्हा नावावर असलेला एक गरीब माणूस निवडला जातो. घरी मतिमंद बायको आणि लहान मुलगी. त्याला कसं तयार करतात ते पडद्यावर बघवत नाही. मारहाण थोडीच आहे. त्याच्यापुढे जो सौदा ठेवला जातो, तो जास्त क्रूर वाटतो.

आता येतो जू यांग, तुमच्या प्रश्नातला प्रॉसिक्युटर. जांगचा धंद्यातला प्रतिस्पर्धी एक बडा उद्योगपती आहे, आणि त्याने या जू यांगला पोसलेलं आहे. चोईने त्या उद्योगपतीवर हात टाकला म्हणून जू यांग चोईच्या मागे लागतो. म्हणजे खोटा आरोपी उभा केल्याचं प्रकरण बाहेर येण्याची शक्यता निर्माण होते ती एका भ्रष्ट माणसाच्या वैयक्तिक रागामुळे. मला हे या पटकथेचं सर्वांत मोठं धाडस वाटतं. सत्याला एकही प्रामाणिक वाली दिलेला नाही.

या माणसाकडे एवढी ताकद कुठून येते? आपल्याकडे तपास पोलीस करतात, दोषारोपपत्र तेच दाखल करतात आणि सरकारी वकील कोर्टात खटला चालवतो. कोरियात त्या काळी प्रॉसिक्युटर पोलिसांच्या तपासाला आदेश देऊ शकत असे. स्वतःच्या कार्यालयातले तपासनीस घेऊन तो स्वतंत्र तपासही करू शके. अटकेचं किंवा झडतीचं वॉरंट मागायला न्यायाधीशांकडे फक्त तोच जाऊ शकतो, आणि हे थेट राज्यघटनेत लिहिलेलं आहे. खटला भरायचा की नाही, हा निर्णयही त्याचाच. म्हणजे गुन्हा पोलिसांनी शोधायचा, पण तो पुढे जाईल की कपाटात पडेल हे त्याने ठरवायचं. वर पोलिसाचीच चौकशी करायची असेल तर तीही तोच करणार.

या व्यवस्थेमागचं कारण वाईट नव्हतं. जपानी राजवटीतल्या पोलिसांचा जाच कोरियन लोक विसरले नव्हते. पोलीस पुन्हा तसे माजू नयेत म्हणून १९५४ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात कायदा शिकलेल्या माणसांच्या हाती लगाम दिला गेला. त्या माणसांना लगाम कोण घालणार, हा प्रश्न मात्र पुढची साठ-पासष्ट वर्षं तसाच राहिला. पोलिसांवरचा हा हुकूम कायद्याने संपला तो जानेवारी २०२१ पासून. सप्टेंबर २०२५ मध्ये तर संसदेने प्रॉसिक्युटर कार्यालयच मोडून तपास आणि खटला दोन वेगळ्या संस्थांकडे देण्याचा कायदा मंजूर केला.

जू यांगचा एक संवाद कोरियात म्हणीसारखा वापरला जातो. पोलीस नाराज होतील, जरा सांभाळून घ्यावं, असं हाताखालचा माणूस सुचवतो, तेव्हा तो भडकून म्हणतो की सारखी मेहेरबानी दाखवली की लोक तिला हक्क समजायला लागतात. पोलिसाने नियमाने मिळणारं सहकार्य मागितलं तरी ते देणं त्याला उपकार वाटतं. दिग्दर्शकाचा सख्खा धाकटा भाऊ ऱ्यू सुंग-बम याने ही भूमिका केलीय. चिडचिडा, बोलका, जरा पोरकट. त्याला आपण काही गैर करतोय असं एका क्षणासाठीही वाटत नाही, आणि म्हणून त्याची भीती जास्त वाटते.

चित्रपटातलं किती खरं, असंही कुणी विचारेल. कथा काल्पनिक आहे, पण हवेतून आलेली नाही. मार्च २००८ मध्ये सोलजवळच्या इल्सान इथे लिफ्टमध्ये एका शाळकरी मुलीला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. पोलिसांनी तो किरकोळ मारहाण म्हणून नोंदवला. बोभाटा झाल्यावर राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक स्वतः त्या पोलीस ठाण्यात जाऊन अधिकाऱ्यांना बोलले आणि त्यानंतर काही तासांतच संशयित पकडला गेला. तिथे खोटा माणूस पकडला असं कुणाचं म्हणणं नाही, पण वरून दट्ट्या आला की यंत्रणा किती वेगाने हलते ते लोकांनी पाहिलं होतं. चित्रपट लागला ऑक्टोबर २०१० मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एमबीसी वाहिनीच्या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने दाखवलं होतं की बुसान भागातला एक बांधकाम व्यावसायिक वर्षानुवर्षं प्रॉसिक्युटरांच्या पार्ट्या आणि पाकिटं सांभाळत होता. 'स्पॉन्सर प्रॉसिक्युटर' हा शब्द तेव्हा घराघरात पोचला. जू यांग पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षकांना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

अभिनयाबद्दल थोडंच. ह्वांग जंग-मिनचा चोई आतल्या आत कुढणारा आहे. एका प्रसंगात तो जू यांगसमोर कपडे उतरवून गुडघे टेकतो, आणि इतका वेळ ज्याचा राग येत होता त्याचीच दया येऊ लागते. यू हे-जिनचा जांग मऊ बोलतो आणि अंगावर काटा आणतो. 'ट्रेन टू बुसान'मधला धिप्पाड मा दोंग-सोक इथे चोईच्या विश्वासू सहकाऱ्याच्या भूमिकेत आहे. त्याच्यावर लक्ष ठेवा. २०११ च्या ब्लू ड्रॅगन या कोरियन चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा हे तिन्ही मान याच चित्रपटाला मिळाले.

मला या चित्रपटाने जे दाखवलं ते फार अस्वस्थ करणारं आहे. सुरुवातीच्या काही मिनिटांनंतर त्या मेलेल्या मुलींचं नाव कुणी काढत नाही. पोलीस, प्रॉसिक्युटर, बिल्डर, पत्रकार, सगळे त्याच प्रकरणावर रात्रंदिवस खपतायत, पण त्या मुलींना कुणी मारलं हे जाणून घ्यायची निकड कुणालाच नाही. प्रत्येकाला वरच्याला काहीतरी द्यायचंय आणि खालच्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय. लेखी आदेश कुठेच नाही. साहेब 'बघ जरा' एवढंच म्हणतात आणि पुढचं पाप खालचा माणूस स्वतःच्या हाताने करतो. लाच, पाकीट, गोल्फ हे सगळं आहेच, पण पैसा घेतला नसता तरी हा गुन्हा असाच घडला असता असं मला वाटतं. बढतीची आशा आणि कारवाईची धास्ती एवढ्यावर तो उभा आहे. आणि अगदी शेवटाकडे प्रयोगशाळेचा एक अहवाल येतो. तो आला की थांबवून आधीची दोन तासांची कथा पुन्हा मनात फिरवून बघा. मी याहून जास्त बोलत नाही.

पाहताना एक काळजी घ्या. पहिली वीस-पंचवीस मिनिटं नावं आणि हुद्दे भराभर येतात. कोण कुणाच्या खिशात आहे एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे, टेंडरचे बारकावे सुटले तरी चालतील. लहान मुलांसोबत पाहू नका. रक्तपात या जातीच्या इतर कोरियन चित्रपटांच्या मानाने कमी आहे, पण विषय लहान मुलींच्या खुनाचा आहे आणि काही दृश्यं जड जातात.