‘उसने ज्ञान’ म्हणावे का?

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: कंपनीच्या मराठी अहवालात ‘इन-हाउस रिसर्च’ला ‘घरगुती संशोधन’ आणि विद्यापीठं, पुरवठादार, परवाने यांतून मिळालेल्या ज्ञानाला ‘उसने ज्ञान’ म्हटलं तर चालेल का?

‘घरगुती’ नको. घरगुती म्हणजे फणसाचे पापड, आमसुलं. शब्द मायेचा, पण त्यात थोडकेपणा येतोच. ‘घरचं’ वेगळं. घरचा नारळ म्हणजे आपल्या माडाचा. बोलताना ‘घरचं संशोधन’ मला फार आवडेल. अहवालात ‘कंपनीचे स्वतःचे संशोधन’ लिहा. ‘अंतर्गत’ म्हटलं की चौकशी आणि लेखापरीक्षण आठवतं.

‘उसने’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली की ती परत करायची असते. ज्ञान परत कसं करणार? शिवाय ‘उसनं अवसान’मुळे या शब्दाला खोटेपणाची छटा आहे. नुसतं ‘बाहेरचं’ म्हणावं, तर कोकणात ‘बाहेरचं’ म्हणजे बाधा, आणि तो अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून ‘बाहेरून आणलेले ज्ञान’. ‘आणलेले’मध्ये कुणीतरी गेलं, पारखलं, निवडलं, हे सगळं येतं.

पारख कुठून येते? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा ‘रत्ना’ आंबा घ्या. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे पिकताना आतला गर पांढरट, स्पंजासारखा होऊन खराब होतो, आणि झाड वर्षाआड धरतं, हे दुखणं तिथं घरचंच होतं. जोडीला दक्षिणेतला, दरवर्षी धरणारा नीलम घेतला. त्या संकरातून आलेला रत्ना १९८१ साली प्रसारित झाला. त्यात साका नाही. घरचं दुखणं माहीत नसतं, तर नीलमच का, हे कळलं नसतं.

कोहेन आणि लेव्हिन्थल या अभ्यासकांनी १९९० साली कंपन्यांबद्दल हेच मांडलं: स्वतःच्या संशोधनातून नवं तर निघतंच, पण बाहेरचं ओळखून, पचवून वापरायची ताकदही त्यातूनच येते. त्यांच्या ‘अ‍ॅब्सॉर्प्टिव्ह कपॅसिटी’ या संज्ञेचं शब्दशः ‘शोषणक्षमता’ करू नका, कामगारांना भलताच अर्थ लागेल. ‘ग्रहणक्षमता’ बरा.

तर ताई, वाक्य असं लिहा: ‘कंपनीच्या स्वतःच्या संशोधनामुळे बाहेरून आणलेले ज्ञान वापरण्याची आमची ग्रहणक्षमता वाढली.’