गॉबनिट हे काय नाव आहे?

“इथलं जुनं, हल्ली कुणी न ठेवणारं नाव मुलीला ठेवलं, तर पुढे तिला त्याचा त्रास होईल का?” आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी आयांकडून, विशेषतः नवरा इकडचा असेल तेव्हा, हा प्रश्न मला हमखास येतो. मुलगा झाला की एवढी घालमेल होत नाही, हेही सांगून ठेवते. रायन, कियान असं काहीतरी ठेवून मंडळी मोकळी होतात. मुलीचं नाव मात्र गोड हवं, वेगळं हवं, अर्थ चांगला हवा, दोन्हीकडच्या आज्यांना म्हणता यायला हवं आणि वर्गात दुसऱ्या कुणाचं नको.

मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात समुपदेशन करते. ज्या जोडप्याबद्दल लिहितेय, त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे बरेच तपशील बदललेत. नाव तेवढं खरं ठेवलंय, कारण तेच बदललं तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

ती आटपाडीकडची, इथे एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत. तो बॅलीव्हर्नीचा. कॉर्कहून किलार्नीला जाताना लागणारं हे गाव, जिथे अजून आयरिश बोलली जाते. मुलगी ९ आठवड्यांची झाली होती आणि घरात तिला नुसतं ‘बाळ’ म्हणत होते. आयर्लंडमध्ये जन्माची नोंदणी ३ महिन्यांच्या आत करावी लागते. (इंग्लंड आणि वेल्समध्ये ४२ दिवस, स्कॉटलंडमध्ये तर फक्त २१. इंग्लंड-वेल्समध्ये नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत पहिलं नाव बदलून घेता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.) बारसं ठरून पुढे ढकललं गेलं होतं.

त्याला गॉबनिट हवं होतं. त्याच्या आजीचं नाव. सहाव्या शतकातली एक संत या नावाची होती, बॅलीव्हर्नीला तिचं ठाणं आहे. पण आयरिश माणसालासुद्धा आज हे नाव ऐकून आधी शेतावरची, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारीच दिसते. मुलीला कुणी ठेवत नाही.

“ताई, आईने फोनवर विचारलं, शेणाचं नाव ठेवणार का पोरीला?” ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं.

दोघांनी नावांची एक वही केली होती. ती चाळताना मलाही हसू आवरलं नाही. स्कॉटलंडकडचं ‘आयला’ एके काळी दुर्मिळ होतं, आता इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्या दहांत जाऊन बसलंय, पण सांगली जिल्ह्यात पाळण्याशी उभं राहून ‘आयला’ म्हणणार कोण? लिमरिककडच्या एका संतिणीचं ‘ईडा’ हे नाव खरोखरच कमी ऐकू येतं. त्यावर तिने काट मारून शेजारी लिहिलं होतं : पिडा. ‘साइव्ह’ त्याला आवडायचं, कारण आयरिश कथेतली साइव्ह शापाने हरिणी होते आणि ओशीन या वीराची आई असते. पण इंग्रजी अक्षरांत ते आपल्या डोळ्यांना ‘साधभ’ दिसतं. कॉर्नवॉलचं ‘लव्हडे’ मला फार आवडलं. मध्ययुगात भांडणतंटे मिटवायला दिवस नेमत, त्याला लव्हडे म्हणत, आणि त्या दिवशी जन्मलेल्या मुलीला तेच नाव देत. माझ्या धंद्याला शोभणारं. दोघांनीही त्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात ‘तारा’ होतं. इकडे तारा म्हणजे मीथ परगण्यातली टेकडी, आयर्लंडच्या जुन्या राजांचं ठिकाण, आणि मुलींचं नेहमीचं नाव. तिकडे तर प्रश्नच नाही. माझ्याकडे येणारी निम्मीअधिक जोडपी शेवटी तारा, माया, मीरा यांपैकी एकावर येऊन थांबतात. त्यात वाईट काहीच नाही. पण तारा म्हटल्यावर याचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला बघून तिचाही.

दुर्मिळ नाव कुणी नुसत्या दुर्मिळपणासाठी मागत असेल, तर मी आधी ‘फिआ’चं उदाहरण देते. विसाव्या शतकाच्या शेवटी हे नाव कुणाच्या कानावर नसे. २०२१ मध्ये आयर्लंडमधल्या मुलींच्या नावांत ते पहिलं आलं. वर्गात एकटी असेल म्हणून ठेवलं आणि वर्गात चौघी निघाल्या, असं सहज होतं. जुनेपणाचंही तसंच. ‘फिओना’ अगदी पुराणकाळचं वाटतं, पण ते अठराव्या शतकात जेम्स मॅकफर्सन या कवीने घडवलं. ‘व्हनेसा’ जोनाथन स्विफ्टने एका ओळखीच्या बाईसाठी तिच्याच नाव-आडनावाच्या तुकड्यांतून जुळवलं.

पण यांचा प्रश्न तो नव्हता. तिचा प्रश्न सरळ होता : मुलीला त्रास होईल का?

याचं उत्तर मी साताऱ्याच्या मुलींची आठवण काढून देते. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलण्यात आली होती. त्या सगळ्यांचं नाव एकच होतं, नकुशी. उच्चारायला किती सोपं, लिहायला किती सोपं! आईबापांना मुलगा हवा होता आणि ही आली, एवढं त्या नावात होतं, आणि हजेरी घेताना ते रोज मोठ्याने म्हटलं जायचं. उलट आपल्याकडेच पाठची मुलं जगत नसली की धोंडू, दगडू, केरबा अशी नावं ठेवत. कुरूप नावं, पण ती घेऊन लोक मजेत जगले, कारण पोर हातचं जाऊ नये म्हणून ती ठेवली होती, हे त्यांना ठाऊक असायचं. मूल आठ-दहा वर्षांचं झालं की विचारतं, माझं हे नाव का ठेवलं? तेव्हा सांगायला जे असेल, तेच त्या नावाचं ओझं किंवा आधार. शाळेत चिडवणारे तर ‘तारा’वरूनही चिडवतील.

व्यवहाराच्या गोष्टी आहेतच. आयरिश अक्षरावरची तिरपी रेघ, जिला फादा म्हणतात, ती पासपोर्टच्या यंत्रवाचनाच्या ओळीत येत नाही. तिथे ए ते झेड एवढीच अक्षरं चालतात. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) काढायचं असेल तर पासपोर्टवर जे आहे तेच लागतं, म्हणून नोंदणीलाच स्पेलिंग ठरवून टाकावं. नाव रागावून म्हणून बघावं, घाईत जिन्यातून ओरडून बघावं, दवाखान्यात नर्स कसं पुकारेल ते बघावं. आणि लोकांनी “काय म्हणालात?” विचारलं की कसनुसं हसून माफी मागायची सवय आईबापांनी लावून घेऊ नये. लेकरू ते हसू बघतं. एवढं सांगून मी हा भाग संपवते, कारण यावर लोक हवा तेवढा वेळ बोलू शकतात, आणि खरं बोलायचं ते राहून जातं.

मग मी त्याला विचारलं, “पुढे ती विचारेल, गॉबनिट का? काय सांगाल?”

तो बराच वेळ बोलला. आजी १९५० च्या दशकात नर्स व्हायला इंग्लंडला गेली. तेव्हा आयर्लंडच्या कितीतरी मुली तशा जात. वॉर्डातल्या मुख्य बाईंना गॉबनिट म्हणता येईना, किंवा म्हणायचं नव्हतं, म्हणून तिची ‘ॲबी’ झाली. हे काही नवीन नव्हतं. चर्चच्या आणि सरकारी नोंदींत गॉबनिटच्या ॲबिगेल आणि डेबोरा पिढ्यान्पिढ्या होत आल्या होत्या. डेबोरा का, तर हिब्रूत त्याचा अर्थ मधमाशी, आणि संत गॉबनिट मधमाश्यांची राखणदार. आजी म्हातारपणी गावी परतली, तेव्हा आयुष्याचा मोठा भाग ॲबी म्हणून गेला होता. नातवाला ती एकच बजावायची, मला नावाने हाक मार. आजीलाच नावाने हाक मारणारा तो गावातला एकटा नातू होता.

हे सांगून होईपर्यंत बायको त्याच्याकडे बघत नव्हती. मग मराठीत, माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, आईचंही नाव बदललंय की.”

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं, ते चिकटलं. माहेरचं नाव एक मामा तेवढा घ्यायचा. मामा गेल्यापासून ते कुणी घेत नाही. लेकीला ते नाव माहीत होतं, पण तिने ते कधी मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं. तिने ते तिथे बसून नवऱ्याला सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा बरं जमलं.

समुपदेशकाने अशा वेळी गप्प बसावं, असं आम्हाला शिकवतात. मी बसले नाही. त्याला विचारलं, तुमच्याकडे जुन्या रीतीप्रमाणे पहिल्या मुलीला कुणाचं नाव देतात? त्याला उत्तर पाठ होतं, त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव तसंच पडलेलं. आईच्या आईचं. बापाच्या आईचा नंबर दुसऱ्या मुलीला, आणि आजोळच्या-पणज्यांच्या ओळीत याची आजी तर त्याहून मागे. तो आधी थोडा चिडला, रीत आहे म्हणून काय झालं म्हणाला. मग स्वतःशीच हसला. आजीचा हट्ट चालवताना आजीच्याच गावची रीत आपण मोडतोय, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

पुढच्या भेटीत आटपाडीची आजी व्हिडिओ कॉलवर होती. नात दिसावी म्हणून फोन इतका जवळ धरलेला की आम्हाला कपाळ आणि कुंकूच दिसत होतं. तिने मला विचारलं, “बाई, ही गॉबनिट होती तरी कोण?”

त्याने सांगितलं, बायकोने मराठी केलं. देवदूताने तिला सांगितलं, नऊ पांढरी हरणं एकत्र चरताना दिसतील तिथे थांब. ती बॅलीव्हर्नीला दिसली. तिने तिथे मधमाश्यांची पोळी राखली. गुरं पळवायला चोर आले, तेव्हा तिने त्यांच्यावर माश्या सोडल्या. दर ११ फेब्रुवारीला लोक तिच्या लाकडी मूर्तीला रिबीन लावून, मापून घरी नेतात आणि दुखणाऱ्या भागावर बांधतात.

“म्हणजे भ्रामरीच की,” आजी म्हणाली. नवरात्रात सप्तशती वाचणारी बाई. अरुणासुराला माश्यांच्या रूपाने मारणारी देवी तिला कुणी समजावून सांगायला नको होती. ती खूश झाली, असं मी म्हणणार नाही. “मला काही ते तोंडात बसायचं नाही,” एवढं तिने स्पष्ट सांगितलं.

आणि मग लेकीने दुसरी गोष्ट काढली, तिच्या माहेरच्या नावाची, तेव्हा मात्र तिने फोन खाली ठेवला. बराच वेळ आम्हाला छताचा पंखा दिसत होता. परत आली ती तक्रार घेऊनच : “माझ्या नावाने पोरीला रागावशील काय गं तू?” आपल्याकडे आजीचं नाव ठेवलं की ते हाकेत घेत नाहीत, टोपणनावच चालतं, ही अडचण खरी आहे.

“रागावताना गॉबनिट म्हणेन,” लेक म्हणाली.

माझं मत विचारलं असतं, तर आजीचं नाव पुढे आणि गॉबनिट मागे ठेवा, असं मी सांगितलं असतं. रीतही तीच, सोयही तीच. कुणी विचारलं नाही. त्यांनी गॉबनिट पुढे ठेवलं, कारण मागचं नाव कुणी वापरत नाही आणि ॲबीच्या बाबतीत तेच झालं होतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते बायकोला पटलं. आटपाडीत तिचं काय नाव चालेल, ते आटपाडीवर सोडलं. बारशाला आत्या आली, आणि कानात कुर्र करून दोन्ही नावं तिने एका दमात सांगितली.

नोंदणीच्या दिवशी दोघं कागद घेऊन गेली, तेव्हा तिने मनात स्पेलिंगची तयारी करून ठेवली होती. काउंटरवरच्या बाईंनी गॉबनिट ऐकलं आणि मान वर न करता टाइप केलं. दुसरं नाव आलं तेव्हा हात थांबले.

“हे कसं लिहायचं, सांगता का?”

तिने एकेक अक्षर सांगितलं.