मानदुखीवर लेझर: पॅकेज घेण्याआधी ज्यूल विचारा

तुमचं वय २४, दिवसभर लॅपटॉप, डोंबिवली ते बीकेसी रोजचा लोकलचा प्रवास, मान तीन महिने दुखतेय आणि फिजिओने लेझरच्या दहा सिटिंग सांगितल्यात. घ्यायला हरकत नाही. मात्र दहाचे पैसे एकदम भरू नका, आणि आधी विचारा: एका पॉइंटला किती ज्यूल, म्हणजे किती ऊर्जा देणार?

उपचार निरुपयोगी नाही. 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली १६ चाचण्यांचा, ८२० रुग्णांचा आढावा आला होता. जुनाट मानदुखीत उपचार संपल्यानंतर २२ आठवड्यांपर्यंत आराम टिकलेला दिसला. प्रत्यक्षात फसतं ते मात्रेत. हिशेब सोपा आहे: वॅट गुणिले सेकंद म्हणजे ज्यूल. ७८० ते ८६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरला एका पॉइंटवर साधारण ४ ज्यूल लागतात. प्रोब, म्हणजे मशीनचा कातडीवर टेकवायचा भाग, १०० मिलिवॅटचा असेल तर ४० सेकंद. ऑनलाइन मिळणाऱ्या ५ मिलिवॅटच्या लेझर पेनाला त्याच एका पॉइंटसाठी १३ मिनिटांहून जास्त वेळ लागेल, म्हणून तो घेऊच नका.

९०४ नॅनोमीटरच्या पल्स मशीनवर, म्हणजे तुटक झोत सोडणाऱ्या मशीनवर, '२५ वॅट' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. तो क्षणिक झोत. २०० नॅनोसेकंदांचे पल्स, सेकंदाला १०,००० असतील तर सरासरी पॉवर ५० मिलिवॅट भरते. फ्रिक्वेन्सी १,००० वर ठेवली की थेट ५. वेळ तेवढाच ठेवला तर मात्रा दहा पटींनी घटते, आणि पेशंटला ते कळतही नाही, कारण या लेझरची ऊब जाणवत नाही. दिसणारा लाल ठिपका निव्वळ नेम धरायला असतो. खरा किरण डोळ्यांना दिसतच नाही. म्हणूनच त्या तरंगलांबीचे गॉगल तुम्हाला आणि फिजिओला, दोघांनाही हवेत.

प्रोब कातडीवर सरळ आणि दाबून धरायला हवा, शर्टावरून नाही. बाम किंवा तेल पुसून घ्या. बोटाने दाबल्यावर जिथे कळ येते ते पॉइंट, बहुधा खांदा आणि मानेमधल्या स्नायूत आणि मणक्यांच्या बाजूला. मानेवर टॅटू असेल तर ती जागा सोडायला सांगा, शाई प्रकाश शोषून तापते. गळ्यासमोर, थायरॉइडवर लेझर नको.

आराम पडला की त्याच आठवड्यात व्यायाम सुरू करा, नाहीतर लॅपटॉप पुन्हा मान धरणारच. उताणं झोपून हनुवटी हलकेच आत ओढा, डोकं न उचलता १० सेकंद धरा, असं १० वेळा. मानेपुढचा मोठा स्नायू ताठ झाला तर जोर जास्त लागतोय.

हाताला मुंग्या, पकड ढिली, चालताना तोल जाणं, ताप किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर लेझर राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. केईएम, सायन, नायरची ओपीडी आहेच. यातलं काही नसेल आणि पाच सिटिंगनंतरही मान वळवताना फरक वाटत नसेल, तर फिजिओला मात्रा पुन्हा तपासायला सांगा. मात्रा बरोबर निघाली तर उरलेल्या पाच घेऊ नका.