‘ज्याल्लो’ म्हणजे पिवळा, तरी ‘पिवळा चित्रपट’ नव्हे

प्रश्न असा आहे : एका अनुवादित लेखात ‘सत्तरच्या दशकातले इटालियन पिवळे चित्रपट’ असं वाचलं आणि भलतंच काहीतरी वाटलं. पुढे कंसात ‘जियालो’ लिहिलं होतं. हा शब्द नेमका काय, म्हणायचा कसा आणि मराठीत लिहायचा कसा?

भलतंच वाटणारच. आपल्याकडे ‘पिवळं पुस्तक’ म्हटलं की एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मागच्या बाजूला, पिवळ्या पारदर्शक कागदात गुंडाळलेलं ते पुस्तक डोळ्यांपुढे येतं. गंमत म्हणजे तसल्या चित्रपटांना इटालियन भाषेने लाल रंग दिलाय. ते ‘लाल दिव्यांचे चित्रपट’. प्रेमाची कादंबरी तिथे गुलाबी, गुन्ह्यांच्या बातम्या काळ्या, आणि पिवळा रंग गेला रहस्यकथेच्या वाट्याला. त्यामुळे ‘पिवळे चित्रपट’ हा अनुवाद शब्दाला शब्द बरोबर असूनही अर्थाने साफ चुकला आहे. पीत पत्रकारितेशीही या पिवळ्याचा संबंध नाही.

रहस्यकथा पिवळी झाली ती मुखपृष्ठामुळे. मिलानच्या मोन्दादोरी या प्रकाशनाने १९२९ साली रहस्यकथांची माला काढली आणि तिचं नावच ‘पिवळी पुस्तकं’ ठेवलं. पहिलं पुस्तक एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीचा अनुवाद होतं. मुखपृष्ठ पिवळंधमक, पुढे त्यावर लाल कड्याच्या वर्तुळात चित्र येऊ लागलं, दुकानात लांबूनही ओळखू यावं असं. मुसोलिनीच्या राजवटीत १९४१मध्ये माला बंद पडली, युद्धानंतर पुन्हा सुरू झाली. तोवर शब्द मालेच्या हातून सुटला होता. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसं कोणत्याही प्रकाशकाची, कोणत्याही रंगाची रहस्यकथा तिथे ‘ज्याल्लो’ झाली. आज एखाद्या मृत्यूचं गूढ उकलत नसेल, तर इटालियन वर्तमानपत्रं त्या प्रकरणालाही ज्याल्लोच म्हणतात.

चित्रपटांच्या बाबतीत मात्र हा शब्द देशाबाहेर पडला आणि अर्थाने आखडला. इटलीत अगाथा ख्रिस्तीच्या कथेवरचा चित्रपटही ज्याल्लो. बाहेरच्या चाहत्यांसाठी ज्याल्लो म्हणजे इटलीत, मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकांत बनलेले, खून आणि भय यांत भिजलेले विशिष्ट धाटणीचे चित्रपट. दिग्दर्शक मारिओ बाव्हाने १९६३ आणि १९६४मधल्या आपल्या चित्रपटांनी त्यांचा पाया घातला. दारिओ आर्जेन्तो या दिग्दर्शकाच्या १९७०च्या पहिल्याच चित्रपटाने लाट आणली. त्यातला एक प्रसंग पाहिला की सगळी जातकुळी कळते. रोममध्ये रात्री रस्त्याने चाललेल्या एका लेखकाला कलादालनाच्या काचेतून झटापट दिसते. एक बाई, काळ्या कपड्यांतली एक आकृती, सुरा. तो मदतीला धावतो आणि दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो; आत जाता येत नाही, बाहेर पडता येत नाही, नुसतं बघत राहायचं. आपण काहीतरी महत्त्वाचं पाहिलंय, पण ते आठवत नाही, ही टोचणी चित्रपटभर त्याची पाठ सोडत नाही. काळे हातमोजे, लखलखतं पातं आणि डोळ्यांनी दिलेला दगा : ज्याल्लोचा जीव यात आहे. म्हणूनच चेटकिणींवरच्या भयपटांना सरसकट ज्याल्लो म्हणणं मला पटत नाही. तिथे खुनी माणूस शोधायचाच नसतो.

आता उच्चार. ‘जियालो’ चुकीचा, कारण मूळ स्पेलिंगमधला (giallo) ‘आय’ उच्चारलाच जात नाही. इटालियनमध्ये ‘जी’ या अक्षरापुढे ‘ए’ आला तर उच्चार ‘गा’ होतो. तो ‘जा’ व्हावा म्हणून मध्ये ‘आय’ घालतात. आणि इथे मला आपली भाषा फार आवडते, कारण नेमकं हेच काम मराठीत ‘य’ करतो. ‘माझा’ आणि ‘माझ्या’, ‘घराचा’ आणि ‘घराच्या’ हे मोठ्याने म्हणून बघा : ‘य’ आला की दातांशी असलेला आवाज टाळूकडे सरकतो. ‘जाल्लो’ लिहिलं तर बरेच जण तो ‘जाळं’मधल्या ‘जा’सारखा वाचतील. ‘ज्याल्लो’ लिहिलं की चूक व्हायला जागा राहत नाही. शिवाय ‘ल्ल’ पूर्ण दाबून, ‘गल्ली’तल्यासारखा.

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘गाल्बिनुस’मध्ये आहे, आणि वाटेत त्याला फ्रेंचचा हात लागला आहे. त्याच घराण्यातला एक शब्द आपण दवाखान्यात नेहमी ऐकतो : जॉन्डिस, म्हणजे आपली कावीळ.

लिंग पुल्लिंगी ठेवावं, मूळ भाषेतही तेच आहे. इटालियन अनेकवचन ‘ज्याल्ली’ होतं, पण ते इथे आणण्याची गरज नाही. ‘फोटो’ जसा चालतो तसा हा चालवावा : एक ज्याल्लो, दोन ज्याल्लो, ज्याल्लोत, ज्याल्लोचा. त्या लेखातलं वाक्य मी असं लिहीन : ‘सत्तरच्या दशकातले ज्याल्लो, म्हणजे इटालियन खूनपट’.