४ टीबीची डिस्क २ टीबीच दिसते. बायोस सोडून यूईएफआय करावं का? (दोन्ही म्हणजे संगणक सुरू करणारं, मशीनमध्येच असलेलं सॉफ्टवेअर; बायोस जुनं, यूईएफआय नवं.)

डिस्क चांगली आहे, ती परत करायला ऐरोलीहून वाशीला जाऊ नका. डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कच्या छोट्या तुकड्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून हिशोब २ टीबीपाशीच संपतो. नुसता डेटा ठेवायचा असेल तर डिस्क रिकामी असतानाच जीपीटी, म्हणजे नोंदीची नवी पद्धत, करून घ्या. बायोसवाल्या मशीनवरही विंडोज ती पूर्ण वापरतं. त्याच डिस्कवरून विंडोज सुरू करायचं असेल, तर मात्र यूईएफआय लागतंच.

१९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला बायोस डिस्कचा पहिला सेक्टर उचलतो आणि त्यात जे असेल ते निमूट चालवतो. यूईएफआय डिस्कच्या फॅट३२ नावाच्या साध्या पद्धतीने मांडलेल्या विभागातली विंडोज सुरू करणारी फाइल वाचतं, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर तिची डिजिटल सही तपासूनच ती चालवतं. वेगापेक्षा मला हेच जास्त मोलाचं वाटतं. शिवाय विंडोज ११ला यूईएफआय हवंच.

फक्त मशीनचं सेटिंग एकदम लीगसीवरून (म्हणजे जुन्या बायोस पद्धतीवरून) यूईएफआयवर बदलू नका, आहे ते विंडोज सुरूच होणार नाही. आधी बॅकअप घ्या, मग विंडोज १० मधलं एमबीआर-टू-जीपीटी साधन विंडोजच्या डिस्कवर चालवा आणि त्यानंतरच सेटिंगला हात लावा.