छोट्या घरच्या वायनरीच्या नोंदींसाठी स्वस्तात कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही विचारलंय की वायनरी घरची, वर्षाला दहा-बारा हजार लिटर वाइन, नोंदी सगळ्या वहीत, बजेट जेमतेम. मग घ्यायचं काय? आमचंही असंच, निफाड तालुक्यात. मी आणि धाकटा भाऊ मिळून बघतो.

आधी आमची फजिती सांगतो. तीन नंबरच्या टाकीत हजार लिटर शेनिन ब्लाँ, म्हणजे त्या जातीच्या द्राक्षांची पांढरी वाइन होती. भावाने सकाळी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वाइन खराब होऊ नये म्हणून घालायची पावडर) घातलं आणि टाकीवर खडूने लिहून ठेवलं. दुपारी पोरांनी टाकी बाहेरून धुतली, खडू गेला. संध्याकाळी मी वही बघितली, नोंद नाही, म्हणून पुन्हा घातलं. ५० पीपीएम सल्फर डायऑक्साइडसाठी हजार लिटरला साधारण ८७ ग्रॅम लागतं, पडलं दुप्पट. ग्लास नाकाशी नेला की नुकत्याच ओढलेल्या काडीचा वास! शेवटी ती वाइन थोडी थोडी दुसऱ्या टाक्यांत मिसळून संपवली. मग नवीनच घोळ: कुठल्या बाटलीत कुठल्या प्लॉटची द्राक्षं, हे वहीवरून कुणालाच सांगता येईना.

त्यामुळे माझ्या लेखी दोनच कसोट्या. नोंद टाकीपाशी उभं राहून, ओल्या हातांनी, मोबाइलवर करता आली पाहिजे. आणि एका टाकीतून दुसरीत गेलेली वाइन दोन्हीकडे आपोआप दिसली पाहिजे, तळाचा गाळ म्हणून गेलेल्या लिटरांसकट.

पहिलीसाठी आम्ही एक पैसा खर्च केला नाही. गूगल फॉर्म केला, त्यात टाकी नंबर, काय केलं, किती आणि कोणी, एवढंच. त्याचा क्यूआर प्रत्येक टाकीला लावला. वेळ आपोआप पडते, जुनी नोंद चुकून पुसली जात नाही. काहीही घालण्याआधी शीट बघायची, हा घरचा नियम. ब्रिक्स (रसातली साखर), पीएच, तापमान तिथेच. फक्त आत रेंज नसेल तर राउटरची सोय करा.

दुसरीसाठी टॅली प्राइम. तुमच्या अकाउंटंटकडे ते बहुतेक असेलच. प्रत्येक टाकी म्हणजे एक गोडाऊन, प्रत्येक प्लॉटची तोडणी म्हणजे एक बॅच, आणि ब्लेंड किंवा बॉटलिंगला मॅन्युफॅक्चरिंग जर्नल, म्हणजे काय वापरलं आणि त्यातून काय तयार झालं याची टॅलीतली नोंद. वायनरीसाठी केलेलं नाही, पण लिटरचा हिशोब चोख लागतो. घरात कुणी कॉम्प्युटरवाला असेल तर ईआरपीनेक्स्ट बघा, हिशोब आणि साठा दोन्ही सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं आहे, ओपन सोर्स, म्हणजे लायसन्सचा खर्च नाही. पण स्वतः चालवायचं तर सर्व्हर, बॅकअप, बिघाड सगळं आपल्या गळ्यात. ऐन हंगामात ते बंद पडलं तर द्राक्षं थांबत नाहीत.

इनोव्हिंट, व्हिनट्रेस अशी खास वायनरीची सॉफ्टवेअरं चांगली आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यांचे तयार रिपोर्ट परदेशातल्या सरकारी खात्यांसाठी, आणि दर महिन्याचं भाडं आपल्या लिटरांना झेपणारं नाही.

एक्साइजची रजिस्टरं मात्र कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी सुटत नाहीत. त्यांच्या नमुन्यातले रकाने आधी समोर ठेवा आणि तेवढे आकडे रोज सॉफ्टवेअरमधून निघतात का ते पाहा. आणखी एक, वाइनवर जीएसटी नाही, व्हॅट आहे. त्यामुळे बाटल्या-बुचांवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. टॅलीत सुरुवातीलाच तसं बसवून घ्या, नाहीतर बाटलीमागचा खर्च कायम कमी दिसेल.

हे सगळं ऑक्टोबर छाटणीनंतर लावा, जानेवारीत क्रश (द्राक्षं चिरडणं) सुरू झाल्यावर नाही. आणि गोडाऊनला टाकीचा नंबर द्या, वाइनचं नाव नको. आम्ही पहिल्या वर्षी ‘शेनिन टाकी’ असं नाव दिलं होतं, आणि मार्चमध्ये तिच्यात शिराझ ही लाल वाइन होती.