“मॅडम, मी पोरांना लाच देऊन राहिली का?”

बाई खुर्चीत टेकायच्या आधीच विचारत्या झाल्या. नागपुरात नंदनवनकडच्या एका शाळेत चौथीचा वर्ग, पट ४५. त्यात एक मुलगा जागेवर टिकत नाही. रागावून झालं, समजावून झालं. मग डी.एड.ला वाचलेला मानसशास्त्रज्ञ स्किनर आठवला, ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वाढतं म्हणणारा, आणि त्यांनी इतवारीतून चमकीच्या स्टारची पाकिटं आणली. चार दिवस वर्ग चिडीचूप. पाचव्या दिवशी चित्र काढायला सांगितलं, तर तोच मुलगा म्हणाला, “बाई, स्टार किती भेटतीन?”

हीच धास्ती घेऊन पालकही माझ्याकडे येतात. खोलीत बसून उत्तर द्यायला गेलं की मी हमखास चुकते, म्हणून म्हटलं, आधी वर्ग बघू द्या.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात मागच्या बाकावर वही घेऊन बसले. ३५ मिनिटांत मुलगा ७ वेळा उठला आणि सातही वेळा बाईंनी त्याचं नाव घेतलं. मधे ६ मिनिटं मात्र तो मान खाली घालून वहीच्या मागच्या पानावर बडग्या काढत होता, मिशांसकट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडापिडा घेऊन जाय गे मारबत’ म्हणत मिरवणूक निघते, त्यातला पुतळा असतो तसा. त्या ६ मिनिटांत त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग फळ्यावर भागाकार आला. यानं शेजारच्याची पट्टी ओढली, बाईंनी त्याला दाराबाहेर उभं केलं. बाहेर स्वारी मजेत!

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, हा घोळ डी.एड.च्या पेपरापासून आपल्या डोक्यात बसलेला असतो. नकोशी गोष्ट टळली म्हणून एखादं वागणं बळावतं, ते ऋण प्रबलन. बाईंच्या लेखी दाराबाहेर काढणं ही शिक्षा होती, त्याच्या लेखी भागाकारातून सुटका. आणि उठल्याबरोबर ४५ जणांत आपलंच नाव पुकारलं जातं, हे बक्षीस काय कमी आहे? वागण्यानंतर जे मिळतं त्यावरून वागणं घडतं, हा स्किनरचा वर्तनवाद त्या वर्गात स्टार यायच्या आधीपासून चालू होता, फक्त उलट्या दिशेनं.

स्टारची चूक वेगळीच. चित्र तो फुकटात काढत होता, त्यालाही बाईंनी स्टार लावला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बालवाडीत हेच तपासलं होतं. चित्रांची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं, तर पुढे ती मुलं मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड शाबूत राहिली. म्हणून चित्राचा स्टार बंद करायला सांगितला.

भागाकाराला मात्र स्किनरच हवा होता. १९५३ मध्ये तो आपल्या लेकीच्या चौथीच्या गणिताच्या वर्गात पाहुणा म्हणून बसला होता. सगळ्यांना तीच गणितं, आणि बरोबर की चूक हे लगेच कळायची सोय नाही, हे त्याला खटकलं. त्याचं शिकवण्याचं यंत्र त्यातूनच निघालं. आम्ही यंत्राऐवजी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एकच पायरी, मागे उत्तर. मुलगा लिहीत असताना बाईंनी बाकाजवळून जायचं, उठला तर नाव घ्यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन. “मॅडम, आज तर बाकावर चढला!” चूक माझी. लक्ष काढून घेतलं की वागणं विझायच्या आधी भडकतं, हे मी आधी सांगायला हवं होतं. दुसऱ्याला इजा होत नसेल तर अजून आठवडाभर धीर धरा, म्हटलं.

चिठ्ठ्यांनी आणखी एक गोष्ट उघडी पाडली. तो भागाकारात अडतच नव्हता, हातच्याच्या वजाबाकीत अडत होता. स्टारनं हे कधीच कळलं नसतं. बाईंनी पंधरा दिवस मधल्या सुट्टीत १० मिनिटं त्याला आईस्क्रीमच्या काड्यांचे दहाचे गठ्ठे सोडायला लावले.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. वहीच्या मागच्या पानावर तोच मिशीवाला बडग्या, या वेळी गळ्यात पाटी: ‘भागाकार’. खाली लिहिलेलं, ‘घेऊन जाय गे मारबत’.